तुळशीच्या लग्नाआधी

सोयाबीनची सोंगणी उरकून मळणीयंत्रांची घरघर थांबलेली आहे, पोती बाजार समितीच्या ओट्यावर जाऊन कुणाकुणाच्या हाती चार पैसे आलेले आहेत आणि तुळशीचे लग्न पंधरवड्यावर येऊन ठेपले आहे, अशा वेळी हा अंक वाचकांच्या हाती पडतो. आणि नेमक्या याच दिवसांत आमच्या किन्हीराजाच्या व आसपासच्या गावांच्या ओसऱ्यांवर सोयरिकीची बोलणी सुरू होतात. म्हणूनच सणाच्या प्रसन्नतेशी काहीसा विसंगत वाटला तरी अल्पवयीन मातृत्वाचा विषय यंदा आम्ही बुद्धिपुरस्सर निवडला आहे.

एका नकलेच्या निमित्ताने गावच्या जन्मनोंदी असलेल्या जुन्या कोतवाल बुकाची काही पाने मागे माझ्या पाहण्यात आली. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, जन्माची तारीख, एवढे सारे त्या जीर्ण कागदावर इमानेइतबारे टिपलेले होते. परंतु जिने नऊ महिने तो भार वाहिला तिचे वय काय होते, याची दखल मी पाहिलेल्या एकाही पानावर नव्हती.

कायद्याने ती दखल पुष्कळ आधी घेतली होती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाची किमान मर्यादा चौदा वर्षे ठरवली, १९४९ साली ती पंधरा व १९७८ साली अठरा झाली आणि २००६ च्या कायद्यान्वये आपल्या राज्यात ग्रामसेवकाकडेच बालविवाह प्रतिबंधाचा अधिकार आला. तरीही १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या दर हजार मुलींमागे वर्षाला ११६ जन्म होत असल्याचे आढळले. २०१९-२१ च्या पाहणीत तोच आकडा ४३ वर आला. तीस वर्षांत झालेली ही घट सामान्य नव्हे, आणि तिचे श्रेय कायद्याच्या कलमांपेक्षा शाळेच्या वाढत गेलेल्या इयत्तांना अधिक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. याच पाहणीत, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या किशोरींपैकी १८ टक्के आई झालेल्या वा गरोदर होत्या; बारा वर्षे शिकलेल्यांत हे प्रमाण अवघे ४ टक्के होते. सातवीनंतर मुलगी घरी बसली की तिच्या लग्नाची घाई सुरू होते, एस.टी.चा मोफत पास आणि सकाळची वेळेवर येणारी गाडी तीच घाई तीन-चार वर्षे लांबवते.

पाचोडचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. पैठण तालुक्यातील त्या गावी आरोग्यक्षेत्रातील एका संस्थेने १९९८ च्या सुमारास अविवाहित मुलींसाठी रोज संध्याकाळी एक तासाचा वर्ग वर्षभर चालवला आणि तीनेक वर्षांत परिसरातील विवाहाचे मध्यम वय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष! ज्या मुलीच्या हाडामांसाची अजून वाढ चालू आहे, तिच्या बाबतीत त्या एका वर्षाचे मोल आपण करू शकत नाही.

मात्र अलीकडे ही उतरण मंदावली आहे. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींमध्ये माता वा गर्भवती असलेल्यांचे प्रमाण २०१५-१६ साली ८.३ टक्के होते, ते पुढील पाहणीत जेमतेम ७.६ पर्यंत उतरले. परभणी जिल्ह्यात तर वीस ते चोवीस वयाच्या तरुणींपैकी ४८ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि हा जिल्हा आपल्यापासून काही फार दूर नाही. ऊसतोडीला जाताना नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून जोडी जमवण्याची घाई होते, तरण्या मुलीला मागे एकटी ठेवण्याचे भय आईबापांना रात्रंदिवस छळते, आणि करोनाकाळात शाळांना कुलूप लागल्यावर त्या भयाला उतारच उरला नाही. अशा बापाला निर्दय म्हणणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही.

गेल्याच आठवड्यात आमच्या आळीतले एक गृहस्थ मुलीचा जन्मतारखेचा दाखला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी बारावीला आहे आणि पाहुण्यांना मार्गशीर्षातला मुहूर्त हवा आहे. बोटांवर महिने मोजून पाहिले, तेव्हा अठरावे वर्ष पुरे व्हायला वैशाख उजाडतो असे निघाले. ते बराच वेळ दाखल्याची घडी घालीत व उलगडीत बसले. शेवटी म्हणाले, "गुरुजी, परीक्षा होऊ देतो, मंग पाहू. तसं सांगतो त्याह्यले." त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला. पाहुण्यांकडून अद्याप उत्तर आलेले नाही.