परदेशातले पाळणाघर

गोंदियात आईला बाजारात जायचे असले की मूल दादीजवळ किंवा शेजारच्या खालाजवळ राहते. पण मुलगा-सून नोकरीसाठी इंग्लंडला निघाले, की दोन वर्षांच्या नातवाचे काय? ‘परक्यांच्या हाती कसे द्यायचे?’ हा दादीचा प्रश्न रास्त आहे. मूल ही अल्लाहची अमानत आहे. पण आपल्या प्यारे नबी (स.) यांचे सुरुवातीचे बालपणही बनू साद कबिल्यात, हलीमा सादिया (रजि.) यांच्याकडे गेले. मूल सोपवण्यात दोष नाही. पारखून न घेता सोपवण्यात आहे.

इंग्लंडमध्ये पाळणाघरांची तपासणी ‘ऑफस्टेड’ ही सरकारी संस्था करते. तिचे अहवाल इंटरनेटवर खुले असतात. निघण्यापूर्वी इथूनच वाचा. तिथे दोन वर्षांखालील दर 3 मुलांमागे आणि दोन वर्षांच्या दर 5 मुलांमागे किमान एक मोठे माणूस लागते. गेल्यावर हे स्वतः पाहा. जेवणाबाबत स्पष्ट सांगा. हलाल मिळत नसेल तर शाकाहारी द्या, जिलेटिनच्या गोळ्या देऊ नका. पहिले काही दिवस आईला सोबत बसू देतात का, तेही विचारा.

आणखी एक काम घरीच करा. पाणी, भूक, शू, झोप, दादी असे मुलाचे शब्द इंग्रजी अक्षरांत, अर्थासह लिहून द्या. मूल ‘पाणी’ म्हणून रडत असेल आणि सांभाळणारीला ते कळले नाही, तर चांगले पाळणाघरही त्याला परकेच राहील.