विमान उतरल्यावर

परवा टीव्हीवर पुन्हा ‘एअरलिफ्ट’ हा सिनेमा लागला होता. माणसं विमानात बसली, सिनेमा संपला. बायका पोराबाळांसह घरी पोचल्या म्हणजे सगळं मार्गी लागलं, हे आपण इतकं सहज धरून चालतो याचा मला मनापासून राग येतो.

त्या सिनेमामागची खरी गोष्ट अशी: 2 ऑगस्ट 1990 ला इराकनं कुवेत घेतलं. पुढच्या दोनेक महिन्यांत लाखाहून जास्त भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आले. आखातात कमावणारी आपल्या रायगडातली घरं त्यात होतीच.

पेण-रोहा एसटीत माझ्या काही सोबतिणी आहेत. त्यातल्याच एक अष्टमी गावच्या खाला, तेव्हा कुवेतहून परतलेल्या. त्या म्हणाल्या, “विमानात नाय रडले बाय. सासूनं दार उघडलं, तेव्हा रडू आलं.” ज्या घराला त्यांच्याच पैशांनी स्लॅब पडला, तिथे आता त्यांची खोली नव्हती, दिराचा संसार तिथे मांडलेला. कपड्यांत शिवून आणलेले कुवेती दिनार कुणी घ्यायला तयार होईना. मुलांना शाळेत घालायला गेल्या, तर जुन्या शाळेचा दाखला मागितला. तो कुठून आणणार? नवरा कामाच्या शोधात मुंबईला राहिला. घरी रोज कुणी ना कुणी विचारायचं, “परत कधी जाणार?” पहिल्याच महिन्यात चार बांगड्या मोडल्या, त्या रेशनसाठी.

भरपाई मिळाली, पण फार उशिरा. संयुक्त राष्ट्रांनी 1991 मध्ये त्यासाठी आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या पैशातून ती द्यायचं ठरलं. देश सोडावा लागलेल्या एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर, कुटुंबाला पाच हजार. दुसरा कसला दावा करणार नाही असं लिहून दिलं, तर चार आणि आठ हजार. खालांच्या घरचा अर्ज नवऱ्याच्या नावानं गेला, पैसेही त्याच्याच नावानं आले. त्यातून नणंदेचं लग्न झालं, घराचं कर्ज फिटलं. बांगड्यांची आठवण कुणालाच झाली नाही.

घरकाम करायला गेलेल्या बायकांचं तर आणखी कठीण. ज्यांचा पासपोर्ट कफिलाकडेच, म्हणजे तिथल्या मालकाकडेच अडकला, त्यांनी आपण तिथे होतो हे कशावरून दाखवायचं?

एका कुटुंबाचा एकच अर्ज असेल, तर त्यावर बायकोची सही हवी आणि निम्मी रक्कम तिच्या खात्यात जमा व्हायला हवी. आखातात पुन्हा असं काही झालं, तर निदान आपल्या सरकारनं हे आधी ठरवून ठेवावं.