यादी घरीच ठेवा!

मंडळी, भाजी आणायला जाताना हातात यादी असू नये, असं माझं ठाम मत आहे. जन्मभर शाळेत 'आधी मुद्दे काढा, मग निबंध लिहा' म्हणून मुलांच्या मागे लागलेल्या बाईने असं म्हणावं, याचं घरच्यांना हसू येतं. येऊ दे! वाणसामानाची यादी जरूर करावी. भाजीची यादी मात्र ऋतू करतो.

आमच्या भागात दर रविवारी शेतकऱ्यांचा आठवडी बाजार भरतो. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाज्या बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळ्या केल्या, आणि त्याच वर्षी संत सावता माळींच्या नावाने अशा बाजारांची योजना आली. आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहणारे अरणचे सावतोबा... याहून शोभेसं नाव दुसरं कुठलं मिळणार? माल पिकवणारा आणि खाणारा समोरासमोर यावेत, हा त्यामागचा हेतू.

पण समोरासमोर येऊन आपण करतो काय? जूनमध्ये "मटार नाही का हो?" म्हणून विचारतो आणि शेजारचा टाकळा न पाहताच पुढे जातो!

टोमॅटोचंच घ्या. २०२३ च्या जुलैत तो किलोला शंभराच्या वर गेला, तेव्हा आपण केवढा आरडाओरडा केला! सप्टेंबरात भाव असे कोसळले की शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. आपल्या यादीत दोन्ही वेळा तेच... टोमॅटो, एक किलो. आमच्या आईने असं कधीच केलं नसतं. महाग झाला की आमटीत आमसूल किंवा चिंच पडायची. स्वस्त झाला की सार, चटणी, कोशिंबीर, सगळीकडे टोमॅटो. टंचाईत थोडं घ्यावं, सुगीत चार घास जास्त खावेत, हे तिला कुठल्या अर्थशास्त्राने शिकवलं नव्हतं. दहा घरांनी असं केलं म्हणून भाव सावरतील, असा माझा भाबडा समज नाही. पण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या पाट्या तरी रिकाम्या होतील. परत न्यायची भाजी म्हणजे गाडीभाडं दोनदा आणि माल शिळा!

पूर्वी सणवारच यादी करून देत. आषाढात कांदेनवमीला कांदा-वांग्याचा निरोप घ्यायचा. ऋषिपंचमीला अळू, माठ, पडवळ, सुरण अशा बैलाच्या कष्टाशिवाय आलेल्या भाज्या. भोगीला वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. यातला धर्म कुणी मानो न मानो, त्या दिवसांत काय पिकतं याचं ते पक्कं पाठांतर होतं.

सूनबाई म्हणते, "आई, ऑफिसातून आल्यावर नवी भाजी निवडायची कधी? दहा मिनिटांत दारात येते ती बरी." तिचं खोटं नाही. शेवळं खाजू नयेत म्हणून काकडं शोधत बसायला तिला वेळ कुठला! म्हणून मी सगळी भाजी बाजारातून आणा असं म्हणत नाही. आठवड्यातून एकच भाजी अशी घ्या, जी यादीत नव्हती. कशी करायची ते विकणाऱ्या मावशींनाच विचारा. त्या इतक्या आनंदाने सांगतात, की पाककृतीचं पुस्तक लागत नाही. आमच्या नातीने कर्टुल्याची भाजी अशीच पहिल्यांदा खाल्ली. आता पाऊस सुरू झाला की "आज्जी, ती काटेरी भाजी आली का?" म्हणून तीच विचारते. बारमाही मटाराची अशी वाट कुणी पाहील का?

तुमच्या गावच्या बाजारात सध्या काय आलंय? नक्की कळवा. आणि हो, कशी करायची तेही!