दोन लिटरचा उतार
वाटेवरून : वाटसरू

पुण्याच्या नवले पुलावर अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं : ब्रेक निकामी झाल्याचा प्राथमिक अंदाज. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका अवजड गाडीनं डझनावारी गाड्या चेचल्या. 13 नोव्हेंबर 2025 ला पुन्हा तेच झालं, वर आग लागली. मधल्या काळात रम्बलर आले, कॅमेरे आले, फलक तर इतके लागले की वाचत बसलं तर त्यानंच अपघात व्हावा. पुलाकडे येणाऱ्या उताराची मापं सगळ्यांनी काढून झाली. ट्रकच्या केबिनमध्ये आरशाशेजारी चिमट्याला लावलेली एक चिठ्ठी असते, ती मात्र अजून कुणी वाचलेली दिसत नाही.

मला ती गेल्या आठवड्यात वाचायला मिळाली. खेड-शिवापूरच्या टोलनाक्याअलीकडे एका ढाब्यावर बीडकडचा, आष्टी तालुक्यातला एक ड्रायव्हर भेटला. वय पंचेचाळीसच्या आसपास, गाडी चौदा टायरी, बंगळूरहून भिवंडीला निघालेली. "नवल्यापर्यंत येऊ का?" विचारलं तर त्यानं क्लीनरच्या सीटवरचा स्टोव्ह आणि कांद्याची पिशवी मागं सरकवली. क्लीनर कुठंय? "त्याचा पगार हप्त्यात गेला," म्हणाला. म्हणजे आरशात बघणारा, मागं घेताना हात दाखवणारा, पहाटे तीनला बोलत राहून जागं ठेवणारा माणूस बँकेच्या कर्जात वजा झाला.

चिठ्ठीवर मालकाच्या अक्षरात : 980 किलोमीटर, ॲव्हरेज साडेतीन, डिझेल 280 लिटर. कमी लागलं तर उरलेलं ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर पगारातून वजा. हुबळीच्या अलीकडे चार तास अडकला, ते या हिशेबात नाही. भिवंडीत गोदामाबाहेर एक दिवस उभा राहील की दोन, तेही नाही. उभ्या गाडीला भत्ता नसतो. वर माल उतरवायला वाराई मागतील, ती द्यायची कुणी यावरून वाद. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची घोषणा आपल्याकडे जुनी झाली, वाराई तरणीच आहे.

मालक खलनायक असता तर लिहायला सोपं गेलं असतं. पण त्याच्याकडे दोनच गाड्या, भाडं ठरवतो दलाल, आणि हप्ता काही लोडिंगची वाट बघत थांबत नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास, लांबच्या मार्गावर परवानगीनं फार तर दहा, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं सगळं लिहून ठेवलं होतं. फक्त तो लागू पाच किंवा जास्त कामगार असतील तिथे. दोन गाड्या आणि दोन ड्रायव्हर, हे घर त्या कायद्याच्या नकाशात नव्हतंच. गंमत बघा, ई-वे बिल दिवसाला 200 किलोमीटर धरतं. त्या हिशेबानं मालाला भिवंडी गाठायला पाच दिवस मिळतात. मालाला मिळतात. माणसाला मालकानं सांगितलंय, परवा सकाळी.

रात्री साडेदहाला बोगद्यात शिरलो. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की खाली पुण्याचे दिवे दिसतात आणि रस्ता आपणहून गाडी ओढायला लागतो. त्याचा हात गेअरच्या दांड्यावर गेला, सवयीनं. मी बघतोय म्हटल्यावर थांबला.

"न्यूट्रल?" मी विचारलं.

"समदेच टाकतेत."

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, बीएस-सहा गाडी आहे तुमची, गेअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडलात तर इंजिन डिझेल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलला जळत राहतं. तो हसला. "खरंय साहेब, शोरूमवाल्यानं पण सांगितलं. पण गेअरमधी गाडी अडती. न्यूट्रलला एकदा सुटली की सरळ नवल्याच्या पुढं. आन् चावीच बंद केली तर कशाला जळतंय?"

चावी बंद केली की काय होतं, हेही त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद, स्टिअरिंग जड. टाकीत उरलेल्या हवेवर ब्रेक, आणि पायाच्या प्रत्येक दाबाला ती हवा कमी होणार. नुसतं न्यूट्रल असलं तरी पस्तीस-चाळीस टनांचं ओझं एकट्या लायनरांनी धरायचं. वाटेतल्या दरी पुलापर्यंत ते तापतात, जळका वास येतो, आणि मग पाय कितीही दाबा, धरत नाहीत. तेव्हा 'ब्रेक निकामी' हे अगदी खोटं नसतं. ते निकामी व्हायला सुरुवात कुठून झाली, एवढंच बातमीत नसतं. ड्रायव्हरवर गुन्हा दाखल होतो, चिठ्ठीवर होत नाही.

केबिनमध्ये उकडत होतं. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, चांगलं झालं. याची गाडी 2021 ची. नव्या गाडीवर गेलात तर एसी मिळेल, असं मी म्हणालो. त्यानं चिठ्ठीकडे बोट केलं. एसीला डिझेल लागतं, आणि 280 च्या पुढं आकडा नाही.

एवढं मात्र मला वाटतं, की त्या उतारावर आणखी एक कॅमेरा लावण्याआधी परिवहन खात्यानं डिझेलचा हा ठोक हिशेब बंद करायला लावावा. गाडीत जीपीएस आहे, किती जळलं ते गाडीच सांगते. मग टाकीतली बचत ड्रायव्हरच्या पगारात कशाला? मालकाला भाडं पुरत नसेल तर ते भाड्यात मागावं. उतारावर नको.

स्वामीनारायण मंदिर मागं पडलं. सबंध उतार त्यानं गेअरमध्ये काढला, इंजिन कण्हत होतं, मागच्या कारवाल्यांनी हॉर्नचा जीव काढला. नवले पुलापाशी कडेला घेऊन मला उतरवलं. दार लावताना त्यानं डिझेलच्या काट्यावर नखानं दोनदा टकटक केलं.

"तुमी होता म्हणून गेअरमधी आलो," म्हणाला. "दोन लिटर तुमच्या नावावर मांडतो."