पुसलेल्या फिती, जपलेले आवाज

शेजारी मूल बसलेले असेपर्यंत प्रौढ माणसाने कार्टून पाहण्याला कोणाची हरकत नसते. नातवंडांसाठी म्हणून पुण्याहून लंडनला येऊन राहिलेल्या आजोबांनी सकाळभर बीबीसीची बालवाहिनी पाहिली तर ते घरादाराच्या कौतुकाचा विषय होतात, परंतु तोच कार्यक्रम, मुले निजल्यावर, चाळिशीतल्या त्यांच्या मुलाने एकट्याने आणि मनापासून पाहिला की घरच्यांच्या, आणि आल्यागेल्यांच्या तर हमखास, चेहऱ्यावर प्रश्न उमटतो आणि त्याला थकव्याची किंवा विरंगुळ्याची काहीतरी कैफियत द्यावी लागते. मूल हा अशा वेळी परवाना असतो, आणि परवान्यावाचून घेतलेला आनंद हा पोरकटपणाचा पुरावा ठरतो. आठव्या वर्षी जडलेले क्रिकेटचे वेड साठाव्या वर्षी लॉर्ड्सवर घेऊन जाणाऱ्याला आपण रसिक म्हणतो. आठव्याच वर्षी आवडलेल्या मालिकेशी तितकेच एकनिष्ठ राहणाऱ्याला मात्र जाब विचारतो. हा पंक्तिप्रपंच मला अन्यायाचा वाटतो, इतकेच नव्हे तर घातकही वाटतो. कारण लहानपणीच्या आवडीची लाज बाळगणारा समाज त्या आवडीचे अवशेष जपत नाही, आणि न जपल्याने काय गमावले जाते याचा रोखठोक दाखला ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या इतिहासात नमूद आहे.

23 नोव्हेंबर 1963 रोजी, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, बीबीसीने शनिवारच्या संध्याकाळी मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना डोळ्यांपुढे ठेवून 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू केली. तिच्या निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक, लखनौला जन्मलेले वारिस हुसेन, हे दोघेही तेव्हा तिशीच्या आतले होते. मालिका अफाट लोकप्रिय झाली. आणि तरीही पुढच्या काही वर्षांत, फीत महाग होती म्हणून, कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या म्हणून, आणि रंगीत चित्र आल्यावर कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक उरले नव्हते म्हणून, खुद्द बीबीसीनेच तिचे शेकडो भाग पुसून टाकले. परदेशी केंद्रांना विकलेल्या प्रतींवरून त्यांतले पुष्कळसे पुढे परत मिळाले, परंतु शंभराच्या आसपास भागांचा पत्ता दीर्घकाळ लागला नाही. प्रौढांचे कार्यक्रमही याच रीतीने पुसले गेले, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्या काळची कितीतरी गंभीर नाटके अशी नाहीशी झाली की त्यांतला एक उद्गारही आज ऐकायला मिळत नाही.

'डॉक्टर हू'ची गोष्ट मात्र निराळी आहे. दर शनिवारी, घरच्यांना गप्प बसवून, दूरचित्रवाणीच्या ध्वनिक्षेपकासमोर टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन धरून, काही शाळकरी मुले त्या भागांचा निदान आवाज तरी साठवून ठेवीत होती. आणि ती मुले मोठी झाल्यावर, नोकरीला लागल्यावर, चारचौघांत या वेडाची वाच्यता करणे अवघड झाल्यावरही, त्यांनी त्या फिती टाकून दिल्या नाहीत. त्यांच्या या निष्ठेमुळे आज प्रत्येक गहाळ भागाचा आवाज उपलब्ध आहे. 'द इन्व्हेजन' या कथेचे दोन गहाळ भाग 2006 साली त्याच आवाजाच्या आधाराने कार्टूनच्या रूपात पुन्हा उभे करण्यात आले, आणि ते काम केले मँचेस्टरच्या कॉसग्रोव्ह हॉल या संस्थेने, जिने एका पिढीला 'डेंजर माउस' हे कार्टून दिले होते. पुढे 2013 साली नायजेरियातल्या जोस शहरी आणखी नऊ हरवलेले भाग सापडल्याचे जाहीर झाले. ज्यांना आपल्या आवडीची लाज वाटली नाही त्यांनी एका मातब्बर संस्थेचे दप्तर राखले, असे मी म्हणतो ते या अर्थाने. 1989 साली बंद पडलेली ही मालिका 2005 साली पुन्हा सुरू करणारे रसेल टी. डेव्हिस हे तिच्याच प्रेमात वाढलेले होते, आणि ज्या पीटर कपाल्डी यांनी पुढे तिच्या नायकाची, म्हणजे डॉक्टरची, भूमिका केली, त्यांचे पत्र, ते शाळकरी चाहते असताना, 1974 साली 'रेडिओ टाइम्स'मध्ये छापून आले होते.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो क्षुल्लक नाही: प्रौढत्वाची जबाबदारी टाळण्यासाठी माणूस बालपणाच्या आश्रयाला जातो आणि बाजार त्याची ही हळवी जागा हेरून तिच्यावर धंदा करतो. बाजाराविषयीचा भाग मला पूर्णपणे मान्य आहे. पलायनाविषयीचा नाही, कारण त्यात असे गृहीत धरलेले आहे की मुलांसाठी केलेल्या कृतीत प्रौढ बुद्धीला चघळण्याजोगे काही नसतेच.

'बॅगपस' पाहावी. 1974 सालची ही अवघ्या तेरा भागांची मालिका कँटरबरीजवळच्या ब्लीन येथे, तिचे सहनिर्माते पीटर फर्मिन यांच्या शेतावरच्या जुन्या गोठ्यात, बाहुल्या चौकटीगणिक हलवून तयार झाली. लहान मुलाला तिच्यात दिसते ते एक मरगळलेले, पट्ट्यापट्ट्यांचे, कापडी मांजर. परंतु चाळिशी उलटलेल्या प्रेक्षकाला दिसते ते असे एक दुकान, ज्यात काहीही विकले जात नाही, जिथे एमिली नावाची मुलगी कोणाची तरी हरवलेली, मोडकी वस्तू आणून ठेवते, आतली मंडळी ती वस्तू न्याहाळतात, तिच्याविषयी वाद घालतात, गाणी गातात, ती दुरुस्त करतात, आणि ज्याची असेल त्याने येऊन न्यावी म्हणून दर्शनी खिडकीत मांडतात. ही कल्पना शब्दबद्ध करणारे ऑलिव्हर पोस्टगेट हे दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरण्यास नकार देऊन तुरुंगात गेलेले गृहस्थ होते, मजूर पक्षाचे नेते जॉर्ज लान्सबरी यांचे दौहित्र होते. मोडलेल्या वस्तूकडे पाहण्याच्या त्या दृष्टीमागे हे आयुष्य उभे आहे असे मला वाटते, आणि ते आठव्या वर्षी दिसणे शक्यच नसते. 1999 साली बीबीसीने घेतलेल्या मतदानात पंचवीस वर्षांपूर्वीची ही छोटी मालिका सर्वांत आवडती बालमालिका ठरली.

मुलांच्या कार्यक्रमावर मोठ्यांचा जीव जडल्याचे 1960 च्या दशकातही दिसले होते. 'द मॅजिक राउंडअबाउट' हा पाच मिनिटांचा कार्यक्रम संध्याकाळच्या बातम्यांआधीच्या वेळेवरून अलीकडे ओढल्यावर तक्रारी आल्या त्या मोठ्यांच्या, कारण कामावरून घरी पोचेपर्यंत तो संपू लागला होता. आणि बीबीसीला तो पूर्वीच्या वेळी परत न्यावा लागला.

ज्या आवडीची लाज वाटते ती जपली जात नाही, हा विचार महाराष्ट्राच्या बाबतीत मला अस्वस्थ करतो. मुंबई दूरदर्शनच्या 'किलबिल' या बालकार्यक्रमावर वाढलेली मंडळी आता पन्नाशीकडे झुकली किंवा ती ओलांडून गेली. मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी, पुण्यात 1984 साली स्थापन झालेली बालचित्रवाणी ही संस्था 2017 साली बंद झाली. या पिढीने आपल्या आवडीविषयी बोलण्याचाच संकोच केला, तर ते कार्यक्रम जपले जावेत म्हणून सरकारदरबारी अर्ज कोण करणार? तेव्हा ज्या मराठी घरांत, मग ती सांगलीत असोत की स्लाउमध्ये, मुंबई केंद्रावरून मुद्रित केलेल्या जुन्या व्हीएचएस फिती माळ्यावर पडून असतील, त्यांनी त्या आवराआवरीत टाकून देऊ नयेत. ओलीने आणि बुरशीने चुंबकीय फीत कायमची निकामी होते, म्हणून त्या आधी संगणकावर उतरवून घ्याव्यात, प्रत्येकीवर कार्यक्रमाचे नाव आणि साल लिहावे, आणि 1932 पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाने अशा फितींची एक नोंदवही या वर्षीच उघडावी.