पोलीस ठाण्यातला कागद मागताना

समजा, आगाशीच्या वाडीतून विहिरीवरचा पंप चोरीस गेला. तुम्ही ठाण्यात तक्रार दिली. महिने लोटले, पुढे काय झाले ते कळेना. अशा वेळी नुसते हेलपाटे घालू नका; कागद मागा.

गुन्हा नोंदला असेल तर प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्याददारास लगेच व फुकट मिळते. तो हक्कच आहे.

पुढच्या कागदांसाठी माहितीचा अधिकार कायदा, २००५ आहे. वसई-विरारची ठाणी १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाखाली आहेत. आपल्या ठाण्याचे नाव घालून जन माहिती अधिकाऱ्यास अर्ज करा. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास फी नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगावे लागत नाही. लिहिता येत नसेल तर अधिकाऱ्याने मदत करायची असते.

मात्र “चोर का सापडला नाही?” असे विचारू नका. हा कायदा कागद देतो, खुलासा नव्हे. “माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर झालेल्या कारवाईच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात,” असे लिहा. विषय एकच, शब्द दीडशेच्या आत. तपासाला बाधा आणणारी माहिती नाकारता येते. पण नुसता “तपास चालू आहे” एवढा शेरा पुरत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले आहे.

३० दिवसांत उत्तर न आल्यास त्यापुढील ३० दिवसांत पहिले अपील करा. त्या वेळी अर्जाची पोच लागते. म्हणून शिक्का मारलेली पोच सातबाऱ्याइतकीच जपून ठेवा.