न्यू डील : मदत कोणापर्यंत पोहोचली?

महामंदीच्या काळात, १९३३ साली, अमेरिकेत दर चार कामगारांमागे सुमारे एक बेकार होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ कार्यक्रमाने अनेकांना केवळ शिधा नव्हे, तर कामही दिले. वनसंवर्धनाच्या छावणीतील तरुणाला महिना ३० डॉलर मिळत. त्यांपैकी बहुतांश रक्कम थेट घरी जाई. पोप अकरावे पायस यांच्या १९३१ च्या सामाजिक परिपत्रकाचा रूझवेल्ट यांनी निवडणूक प्रचारात गौरव केला होता. मात्र १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर व घरकामगार वगळले गेले. ही उणीव किरकोळ नव्हे. बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार याच कामांत होते. त्यांतील नियमित कामावर असलेल्यांना निवृत्तिवेतनाचे दार उघडायला १९५० साल उजाडले.